मोठ्या राष्ट्रीय आघाताच्या वेळची आठवण कितपत विश्वसनीय?

प्रश्न: देशावरील आघाताची बातमी कळली तो क्षण मला लख्ख आठवतो: वडील दारात उभे राहून, चप्पलही न काढता सांगत होते. थोरली बहीण मात्र तितक्याच ठामपणे म्हणते की, आम्ही ती रेडिओवर ऐकली. असे का व्हावे?

उत्तर १: १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, तेव्हा नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले. काही वर्षांनी पुन्हा विचारले असता अनेकांची उत्तरे पार बदलली होती, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद दाखवूनही त्यांना मूळ प्रसंग आठवेना. खात्री आणि अचूकता हातात हात घालून चालतातच असे नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उत्तर २: सहमत आहे; तरीही तपशील सरकला म्हणून दुःख खोटे ठरत नाही. कदाचित रेडिओही लागला असेल आणि वडीलही आले असतील. पुन्हा चर्चा करण्यापूर्वी दोघींनी आपापली आठवण स्वतंत्रपणे लिहून काढावी, कारण बोलता बोलता एकीचा तपशील दुसरीच्या आठवणीत नकळत मिसळतो.