प्युरिटनला 'कर्मठ' म्हणायचं का?

खडूफळा: दिवाळी अंकासाठी अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटवर लेख लिहितेय. १६३० ला इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला गेलेली कवयित्री, पुस्तक १६५० मध्ये लंडनला छापलं. हिचा पंथ प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधलं कर्मकांड काढून ते शुद्ध करू पाहणारे लोक. मी सगळीकडे प्युरिटन असंच ठेवलं होतं, संपादकांनी त्याचं 'कर्मठ' केलंय. १६६६ मध्ये हिचं घर जळलं त्यावर कविता आहे, त्यात पेटी टेबल सगळ्यासाठी जीव हळहळतो आणि मग स्वतःलाच दटावते की देवाचं होतं, देवाने नेलं. हिला कर्मठ म्हणवत नाही हो. दुसरं काही?

तळ्यात_मळ्यात: सोवळे. झालं.

दीडशहाणा: कर्मठ तर साफ उलटं आहे. कर्मठ म्हणजे कर्मकांडाला चिकटलेला. ह्या लोकांचं म्हणणं असं की कर्माने काही होत नाही, कोण तरणार ते देवाने आधीच ठरवलंय, तुम्ही कितीही पुण्य करा. आणि चर्चमधलं कर्मकांड नको म्हणून तर भांडण, पाद्र्याचा पांढरा झगा नको, बाप्तिस्म्यात क्रूसाची खूण नको.

तळ्यात_मळ्यात: मग सोवळेच बरोबर ना. प्युरिटन हे नावही आधी विरोधकांनी चिडवायला दिलेलं, ते स्वतःला गॉडली (देवभक्त) म्हणवायचे. आमच्याकडे "मोठा सोवळा लागून गेलास" म्हणतात तोच टोन.

दीडशहाणा: टोन जमतो, अर्थ नाही. सोवळं शिवाशिवीचं. ह्यांनी १६५९ ला ख्रिसमस पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड लावला, १६८१ पर्यंत कायदा होता. सणच बंद करणारे लोक सोवळे कसे?

मराठीबाणा: शुद्धिपंथी म्हणा की सरळ! परभाषेची एवढी हौस का? महापौर शब्दाला पण हसले होते लोक, आता सगळे वापरतात.

बाराखडी: महापौर रोज पेपरात येतो म्हणून रुळला, शुद्धिपंथी कोण रोज वापरणारे? आणि वाचकाला आर्यसमाजाची शुद्धी आठवेल ते वेगळंच. प्युरिटन ठेवा, एकदा कंसात समजावून द्या.

नगरकरीण: एक सांगू का, ह्यांच्याच परंपरेतले काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्या पंथाचे) मिशनरी १८१३ ला मुंबईत आले आणि पुढे आमच्या नगरला, अमेरिकन मराठी मिशन. त्यामुळे ह्यातले बरेच शब्द मराठीत कधीच आलेत, फक्त तुम्ही चर्चमध्ये येत नाही 😀 कृपा, तारण, मंडळी, देवाचे निवडलेले. लहानपणी मला निवडलेले म्हटलं की तांदूळच आठवायचे. आता वाटतं तोच शब्द बरोबर, खडे बाजूला काढलेले.

खडूफळा: ताई, हे भारी आहे! पण लेखात "निवडलेल्यांची वसाहत" लिहिलं तर लोक म्हणतील निवडणूक झाली का.

दीडशहाणा: मताधिकार होताच, पण मॅसॅच्युसेट्समध्ये फक्त चर्चच्या सदस्य पुरुषांना. आणि सदस्य व्हायचं तर देवाची कृपा झाल्याचा अनुभव मंडळीपुढे सांगायचा, तो त्यांना पटला तरच आत.

मराठीबाणा: हे मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेले ना?

बाराखडी: नाही हो! ते १६२० चे, प्लिमथचे, त्यांनी इंग्लंडच्या चर्चशी संबंधच तोडला होता. १६३० वाल्यांना आत राहून साफसफाई करायची होती. दोघांना एकच शब्द लावू नका.

तळ्यात_मळ्यात: पण मेफ्लॉवरवर नावं काय एकेक, रिमेंबर अ‍ॅलर्टन, लव्ह ब्रूस्टर आणि त्याचा भाऊ रेसलिंग. रेसलिंग!! बायबलमधला देवाशी झुंजलेला याकोब, त्यावरून असणार.

पाटीपेन्सिल: आपल्याकडे धोंडू, दगडू असायचे तसंच.

नगरकरीण: तसं नाही, दगडू नाव मूल जगावं म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचे. प्युरिटनांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं असतं.

पाटीपेन्सिल: आणि १६९२ ला ह्यांच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये चेटकीण म्हणून १९ जणांना फाशी दिली ती काय विज्ञाननिष्ठा?

बाराखडी: चेटकीण बरोबर नाही, त्यातले पाच पुरुष होते. चेटके म्हणा.

तळ्यात_मळ्यात: चेटक्या की चेटका? आमच्या कोकणात तर देवचाराकडून काम करून घेणारा तो वेगळाच असतो...