रव्यात जाळी, ट्यूबलाइटभोवती पाखरं. काय करू?

विश्रामबागची सून
वर्षाचा गहू आणि शाळू उन्हाळ्यातच वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरलाय. तिथं काही नाही. पण पावसाळा लागल्यापासून संध्याकाळी दिवा लावला की बारीक पाखरं फिरायला लागतात. रव्यात, नाचणीच्या पिठात जाळी झाली. कप्पे उपसले, डबे घासले, कागद बदलले, तरी परत तेच. सासूबाई म्हणतात, धान्यात टाकायच्या गोळ्या आण. आणू का?

कृष्णाकाठ
त्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो जीवघेणा. ते गोदामात धुरी देणाऱ्यांचं काम.

तासगाववाली
आमच्याकडं बेदाणा असतो, त्यामुळं ही पाखरं आमच्या ओळखीची. पंखाचा अंगाकडचा भाग फिका आणि टोकाकडचा तांबूस असेल तर तीच.

ताई, पाखराच्या मागं चप्पल घेऊन धावू नका. ते काही खात नाही, खाते ती अळी. पोट भरलं की ती डबा सोडून चालायला लागते आणि भिंत-छताच्या सांध्यात, फळीच्या खिळ्याच्या भोकात, बरणीच्या झाकणाच्या आट्यांत कोष करते. झाकण उलटं करून बघा की, पांढरं लोकरीसारखं काही चिकटलंय का. तुम्ही डबे घासलेत, झाकणाचे आटे घासलेत का?

आणि मूळ बहुतेक पिठात नसतंच. विसरलेल्या पिशवीत असतं. ओटीत आलेले तांदूळ, खारीक, बदाम कुठं ठेवता? सुकं खोबरं, लाल मिरच्या, शेंगदाणे? प्लास्टिकची पातळ पिशवी अळी कुरतडून आत जाते.

जाळी झालेलं टाकून द्या. बाकीचं फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, अंडीही मरतात. नुसत्या फ्रीजमध्ये ती मरत नाहीत, वाढ तेवढी थांबते. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतात तो रंगासाठी, पण हाही फायदा होतोच.

विश्रामबागची सून
ओ ताई, देवघराखालच्या कप्प्यात सगळ्या लग्नांच्या ओट्या! एका खणाच्या घडीत खारका, आणि त्या खारकांचा नुसता भुगा उरलेला. सासूबाईंनी नाक दाबून पिशवी बाहेर नेली, गोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. आता तो चिकट सापळा मिळतो तो लावू का?

तासगाववाली
लावा, पण त्याला मादीचा वास असतो, म्हणून नरच अडकतात. अजून आहेत का, एवढं कळतं. छताचे कोपरे व्हॅक्यूमनं ओढून घ्या. कोषातली राहिलेली पाखरं अजून महिनाभर अधूनमधून दिसतील, त्यासाठी सगळं परत उपसू नका. आणि खण धुऊन उन्हात टाका, शिवायला देण्याआधी.