चिपाड वाया जात नाही, ते जळते

उसाच्या चिपाडापासून कागद केला तर झाडे तोडावी लागणार नाहीत, हा अनेकदा मांडला जाणारा मुद्दा मला मनापासून पटतो; मात्र साखर कारखान्यांत चिपाड वाया जाते हे त्यामागचे गृहीतक बरोबर नाही. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो ओले बगॅस (म्हणजे हेच चिपाड) निघते, त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, आणि तेच बॉयलरमध्ये जाळून कारखाना चालतो. उरलेल्यातून वीज तयार करून विकली जाते. म्हणून कागदासाठी ते मागायचे, तर बदल्यात दुसरे इंधन द्यावे लागते. तमिळनाडू सरकारने १९७९ मध्ये स्थापन केलेल्या, करूरजवळच्या कागद कारखान्याने नेमके हेच केले: साखर कारखान्यांना कोळसा पुरवून बगॅस घेतले. लाकूड वाचले, पण कोळसा जळला, आणि हा हिशेब मांडल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील असे मला वाटते.

शिवाय सगळे चिपाड कागदाच्या कामाचे नसते. गाळप हंगामात आमच्या भागातील कारखान्याच्या आवारात मी मूठभर बगॅस तळहातावर चोळून पाहिले, तेव्हा लांब धागे बोटांत राहिले आणि मऊ भुसकट खाली गळून पडले. हे भुसकट रसायने शोषून घेते, पण कागदाला बळकटी देत नाही, त्यामुळे लगदा करण्यापूर्वी ते वेगळे काढावेच लागते. ते भुसकट तरी बॉयलरकडे परत जाऊ शकते.