‘अनागोंदी’च्या उलट ‘नागोंदी’ का?

परवा परभणीहून भाच्याचा फोन आला. टँकरबद्दलचा तक्रार अर्ज लिहायला बसला होता. म्हणाला, “मामा, अनागोंदी म्हणजे नागोंदी नसणं ना? मग ही नागोंदी म्हणजे काय? चांगला कारभार?”

हसू आलं, पण प्रश्न काही खुळा नाही. अनादर, अनास्था, अनाचार हे शब्द कानावर असले की ‘अनागोंदी’ही त्याच रांगेतली वाटणारच. मात्र तिथे नकाराचा ‘अन्’ नाही. ते एका गावाचं नाव आहे. हंपीच्या समोर, तुंगभद्रेच्या उत्तर तीरावर आनेगोंदी म्हणून गाव आहे. आमच्या शेजारी उदगीरकडचे एक काका राहतात, त्यांच्या घरात कानडी बोलतात. त्यांनी ‘आने म्हणजे हत्ती, गुंडी म्हणजे खड्डा’ असं एका दमात सांगून टाकलं.

1565 च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि हंपी ओस पडली. पुढे राजघराण्याचे वारस आनेगोंदीत लहानशा जहागिरीवर राहिले. त्यांच्याबद्दल सांगतात ते असं, की राज्य गेलं तरी दप्तर काही सुटलं नाही. ज्या मुलखावर केव्हाच दुसऱ्याचा अंमल बसला होता, तिथून इतका वसूल आला, फौजेवर इतका खर्च झाला, असा जमाखर्च दरसाल मांडला जायचा. तिजोरीत खडखडाट, वहीत साम्राज्य. त्यावरून ‘अनागोंदी कारभार’.

गंमत म्हणजे हे गाव आपल्याला तसं परकं नाही. निजामाच्या काळात आनेगोंदी रायचूर जिल्ह्यात, आणि रायचूर काय, परभणी काय, सगळं त्याच्याच राज्यात. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते म्हैसूरकडे गेले, आपण मुंबई राज्यात आलो. आता ते गाव कोप्पळ जिल्ह्यात आहे.

ही गोष्ट धरली तर शब्दाला धार येते. आज वर्तमानपत्रांत गर्दी झाली, रांग मोडली, पंखा बंद पडला की ‘अनागोंदी’ छापतात. मला ते पटत नाही. निव्वळ गोंधळ म्हणजे अनागोंदी नव्हे. कागद चोख आणि प्रत्यक्षात काहीच नाही, तिथे हा शब्द शोभतो. भाच्याच्या वाडीवर नोंदवहीत टँकरच्या दिवसाला तीन खेपा, तारीख-वेळेसकट, खाली सह्या. येते एकच, तीही कधीमधी. ही खरी अनागोंदी.

“मग भोंगळ कारभार लिहू का?” त्याने विचारलं. लिही, पण मोठ्याने वाचू नको. पुण्याकडे भोंगळ म्हणजे ढिसाळ. आपल्याकडे भोंगळा म्हणजे अंगावर कपडा नसलेला! ‘भोंगळ कारभार’ असा मथळा आला की आमच्या वर्गात मागची बाकं खिदळायची, गुरुजींनाही हसू आवरायचं नाही. गलथान चालेल, पण त्यात निष्काळजीपणा आहे, लबाडी नाही. गलथान माणूस खेप खरोखरच विसरतो, आणि वहीत लिहायचंही विसरतो. शिवाय माणूस गलथान असतो, भोंगळ असतो. ‘तो फार अनागोंदी आहे’ असं कुणी म्हणत नाही. अनागोंदी कारभाराची असते, ती माजते.

तुघलकी वेगळंच. ते तर आपल्याच मातीतलं, 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली तिथून आलेलं. दौलताबादचा किल्ला चढताना दम लागला की आमचे वडील हटकून त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण तुघलकी असतो तो निर्णय, वरून सुटलेलं फर्मान. तीन खेपा कागदावर दाखवायला सुलतान लागत नाही, एक पेन पुरतो.

राहिला ‘मोगलाई’. तो मी अर्जात लिहू देणार नाही, कारण त्यात आपलीच बदनामी आहे. निजामाचा मूळपुरुष मोगलांचा दख्खनचा सुभेदार, म्हणून नगर-सोलापूरकडची माणसं सरहद्दीअलीकडच्या आपल्या मुलखाला मोगलाई म्हणायची. ‘पोरगी मोगलाईत दिली’ हे तेव्हा नुसता पत्ता सांगण्यासाठी म्हणत असतील, पण तोच शब्द बेबंद कारभारासाठीही रूढ झाला. आजही कुणी ‘ही काय मोगलाई लागून गेली का?’ म्हणालं की आमची आत्या फणकारते, “आमच्यात काय झाडावर राहत होते का लोकं?”

शेवटी बहिणीने फोन ओढून घेतला. तिला या चर्चेत काडीचा रस नव्हता. म्हणाली, “दादा, लिहायचं ते लवकर सांग. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, हे लिहिलं तर नाही का चालत?” म्हण चपखल होती, पण तहसिलात आंधळं कोण आणि कुत्रं कोण यावर वेगळी चौकशी लागली असती.

भाच्याने अर्जात ‘खेपांच्या नोंदींत अनियमितता’ असं लिहिलं. ‘अनागोंदी’ त्याने वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, आणि खाली पहिलाच प्रश्न आला: “नागोंदी म्हणजे काय रे?”