काळ्या चुनखडीच्या मातीत घरची बाग: फुलझाडे कोणती लावावीत, भाज्या कोणत्या?

प्रश्न (परभणी)

नमस्कार मंडळी. परभणी शहराबाहेरच्या नव्या वस्तीत आम्ही घर बांधले असून समोर आणि पश्चिमेच्या बाजूस मिळून साधारण सहाशे चौरस फूट जागा मोकळी आहे. माती काळी व भारी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात चप्पल रुतून बसते. पाणी बोअरचे आहे व बादलीच्या कडेला त्याचा पांढरा थर साचतो. हौसेने आणलेल्या जास्वंद, एक्झोरा आणि अनंत या तिन्ही झाडांची शेंड्याकडची पाने पिवळी पडली असून शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या आहेत. रोपवाटिकेत विचारले असता युरिया देण्यास सांगण्यात आले, परंतु त्याने काहीही फरक पडला नाही. पत्नीला दारात फुले हवी आहेत, आईला रोजच्या भाजीपुरता पालेभाजीचा वाफा हवा आहे, आणि ठेकेदार मात्र सगळीकडे लॉन करून घ्या म्हणतो. मृग तोंडावर आला आहे, तेव्हा या मातीत आणि या पाण्यावर काय लावावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (लातूर)

लॉनचा विचार आधी सोडून द्यावा. 2016 साली ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातून लिहीत असल्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

आपल्या झाडांना नत्र (जे युरियातून मिळते) कमी पडलेले नाही, लोह कमी पडले आहे. नत्राची कमतरता असती तर खालची जुनी पाने आधी पिवळी झाली असती. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लक्षण लोहाचे आहे. उसात असे झाले की शेतकरी केवडा पडला म्हणतात. आपल्या जमिनीत लोह नाही असे मुळीच नाही, परंतु चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही, आणि क्षारांचे पाणी देत राहिल्याने त्यात भरच पडते. घरच्या घरी खात्री करावयाची असल्यास मातीच्या कोरड्या ढेकळावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून जवळून पाहावे. बारीक बुडबुडे येऊन माती फसफसू लागली तर चुनखडी भरपूर आहे असे समजावे.

तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व मिसळून सायंकाळी पानांवर फवारावे. फरशीवर व भिंतीवर ते उडू देऊ नये, कारण त्याचे गंजासारखे डाग निघत नाहीत. मातीतून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले लोह, देणार असाल तर पुडीवर ईडीडीएचए लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. स्वस्तात मिळणारा ईडीटीए प्रकार चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही.

मात्र दरवर्षी फवारणी करून झाडे जगविण्यापेक्षा या मातीला मानवणारी झाडे निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बोगनवेल, चाफा, पारिजातक आणि कण्हेर ही झाडे आपल्याकडचे बेचाळीस अंशांचे ऊन सोसतात. बोगनवेलीला तर पाणी थोडे तोडल्यावरच फुलांचा बहर येतो. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात, म्हणून ती भाजीच्या वाफ्यापासून आणि लहान मुलांच्या हातापासून दूर, कुंपणालाच असावी.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारी पुष्कळ रोपे आंध्रातील कडियमसारख्या ठिकाणांहून तांबड्या चिकण मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला, तर दोन मातींच्या सीमेवर पाणी अडते, मुळेही बाहेर पडत नाहीत आणि झाड वर्षभर आहे तेवढेच राहते. लावण्यापूर्वी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवावी आणि खड्ड्यात कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे.

उत्तर २ (अंबाजोगाई)

दादा, आईंच्या वाफ्याविषयी लिहिते. भारी मातीत सपाट वाफा केला की पावसाळ्यात पाणी साचून मेथी व कोथिंबीर पिवळी पडून सडते, म्हणून वीतभर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात शेणखत सढळ हाताने घालावे. जमीन हलकी करण्यासाठी मुरूम मिसळणार असाल तर तांबडा घ्यावा. पांढऱ्या मुरमात पुन्हा चुनखडीच असते.

पावसाळ्यात तांदुळजा, चुका आणि अंबाडी ही त्रिकूट भाजी लावावी. अंबाडीची एक ओळ कुंपणालगत अवश्य असावी. कोवळा पाला भाजीला जातो, आणि राहू दिलेल्या ताटांना पुढे गर्द लाल पोटाची फिकट पिवळी फुले येतात, ती पाहिल्यावर वहिनींची फुलांची तक्रारही उरणार नाही. मेथी, शेपू व कोथिंबीर यांची खरी मजा दिवाळीनंतर आहे. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते, तेव्हा तिच्यामागे लागू नये. पश्चिमेच्या भिंतीसमोर मांडव घालून दोडका किंवा वाल चढवावा; भाजी तर मिळतेच, शिवाय दुपारचे ऊन भिंतीवर थेट येत नाही.

फळझाड एकच लावायचे तर आमच्या बालाघाटाचे सीताफळ लावावे. पाणी बेताचे लागते, हलक्या जमिनीतही येते आणि शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. येथील सीताफळ संशोधन केंद्राची धारूर-6 ही जात रोपवाटिकेत मागून पाहावी. भारी मातीत मात्र ते उंचवट्यावर लावावे, बुंध्याशी पाणी साचता कामा नये.

उत्तर ३ (नांदेड)

लातूरच्या सरांच्या मताशी बहुतांशी सहमत आहे, तरी अनंत व एक्झोरा सोडून देण्याचे कारण दिसत नाही. दोन्ही झाडे मोठ्या कुंड्यांत घ्यावीत, मातीऐवजी कोकोपीट, पानांचे कुजलेले खत आणि थोडी वाळू वापरावी, आणि पाणी वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे किंवा पावसाचे साठविलेले द्यावे, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. घरात आरओ यंत्र असल्यास त्याचे सांडपाणी मात्र कुंड्यांना कदापि देऊ नये. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात अधिकच दाट होऊन उतरलेले असतात. मोगरा जमिनीतच चांगला येईल. जानेवारीच्या सुमारास पाणी तोडून छाटणी केली आणि नंतर खत-पाणी सुरू केले की उन्हाळ्यात घर दरवळते.

प्रश्नकर्ता (परभणी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिनेगर टाकून पाहिले, माती चांगलीच फसफसली. आता एकच शंका आहे: पश्चिमेच्या भिंतीपासून पाच फुटांवर केसर आंब्याचे कलम लावले तर चालेल काय? वडिलांचा फार आग्रह आहे.

उत्तर १ (लातूर)

पाच फुटांवर आंबा लावू नये. काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड जोत्याजवळचा ओलावा शोषून घेते तेव्हा ही हालचाल वाढते आणि भिंतींना तडे जातात. पंधरा-वीस फूट अंतर मिळत असेल तरच आंब्याचा विचार करावा, अन्यथा त्या जागी डाळिंब लावावे. लाल फुले वहिनींना आणि फळे वडिलांना. वाफ्यांचा उतारही जोत्याच्या विरुद्ध दिशेस काढावा आणि भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी फरशी टाकून कोरडी ठेवावी.