गाडी लागते हे भूलतज्ज्ञांना सांगाच
ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी टाळायला ‘ऑन्डान्सेट्रॉन (उलटी रोखणारं औषध) दिलं की पुरे’ हे मत मला पटलं नाही. धोका जास्त असेल तर एकटं औषध कमी पडतं. स्त्री असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, नंतर ओपिऑइड (मॉर्फिनसारखं) वेदनाशामक लागणं, हे चारही लागू असतील तर शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते.

माझे चारही जुळत होते. पहिल्या ऑपरेशननंतर पोटावरचे टाके हाताने दाबून धरत रात्रभर ओकत होते. दुसऱ्या वेळी हे आधीच सांगितलं. मग वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल, सुरुवातीला डेक्सामेथासोन (उलटी रोखायला मदत करणारं स्टेरॉइड), शेवटी ऑन्डान्सेट्रॉन. शुद्धीवर आले तेव्हा फक्त घसा कोरडा होता. आणि तरीही उलटी झालीच, तर सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही, वेगळ्या गटातलं द्यावं लागतं.