बालमैत्रिणी पुन्हा भेटल्या तेव्हा : आपापले अनुभव लिहावेत

दारव्ह्याची लेक :
आमच्या कॉलनीतील मुलींनी यंदा भुलाबाई बसवली आणि गाणी संपल्यावर डबा हलवून खिरापत ओळखायला मलाही बसवले, तेव्हा दारव्हा तालुक्यातील माझ्या गावच्या मैत्रिणी आठवल्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही महिनाभर घरोघरी हिंडत असू. त्यातील एकीच्या आईची खिरापत कुणालाच ओळखता येत नसे, कारण ती मुरमुऱ्यांत काय मिसळेल याचा नेम नसे. ही मैत्रीण लग्नानंतर हरवली ती हरवलीच. मुलग्यांचे बरे असते. गाव तेच, नाव तेच, आडनावही तेच. दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट त्यांनी सहज जमवला, पण त्यात मुली बोटावर मोजण्याइतक्याच होत्या, कारण सासरी गेलेल्या मुलीचा क्रमांक गावात असलाच तर तो तिच्या भावाकडे, आणि बहुधा जावयाच्या नावाने जतन केलेला असतो. माझ्या मैत्रिणीचे तर लग्नात नावही बदललेले होते.

अखेर तिचा पत्ता दिला तो आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान लावणाऱ्या काकूंनी. कोणती लेक कुठे दिली आणि कुणाच्या हाताला कोणत्या मापाची बांगडी लागते, हे सारे त्यांना पाठ असते. मैत्रीण मानोऱ्याकडे दिली होती आणि त्यांच्याकडेच बांगड्या भरत होती. बाजाराच्या दिवशी मी दुकानाशी जाऊन बसले. ती आली, "सरका जरा, ताई," असे मला म्हणाली आणि काकूंपुढे हात करून बसली. मी तिच्या आईच्या खिरापतीचा विषय काढताच तिने हात ओढून घेतला. "मायबाई, तू वं!" त्या ओढाताणीत दोन बांगड्या वाढवल्या, काकूंनी त्यांचे पैसे घेतले नाहीत.

मेहकरची :
आमच्या भेटींचे श्रेय मी एसटीला देते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आणि 'भाड्याला पैसे कशाला' हा प्रश्न मिटला. शेगावला दर्शनाला जाते म्हटले की घरातून कुणी अडवतही नाही. अकोट, खामगाव आणि मेहकर अशा तीन दिशांनी आम्ही तिथे पोहोचतो. महाराजांचे दर्शन घेतो, महाप्रसाद घेतो आणि परतीच्या गाडीपर्यंत एकमेकींच्या घरचे सगळे ऐकून घेतो. सासूबाईंना माझ्या भक्तीचे फार कौतुक आहे.

नणंदबाई :
मेहकरच्या ताई, तुमच्या सासूबाई त्यांच्या तरुणपणी कुठल्या दर्शनाला जात असत, तेही एकदा विचारून पाहावे.

झाडीपट्टीकर :
आमच्या लाखांदूर भागात मैत्रिणींना शोधावे लागत नाही, कारण दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि त्या दिवशी लेकी माहेरी येतातच. रात्री नाटक असते आणि ते पहाटेपर्यंत चालते. आम्ही पुरुषांच्या मागे, तट्ट्यापाशी सतरंजी टाकून बसतो. पुढे खलनायक मरतो की सुधारतो, हे आम्हांला सकाळी चहाच्या वेळी नवऱ्यांकडून कळते, कारण रात्रभर आमचीच कथानके चाललेली असतात. परंतु या सुखाला एक अट आहे, आणि ती म्हणजे माहेरचे बोलावणे. आमच्यापैकी एकीचे आईवडील गेले आणि भावाशी बोलणे तुटले, तेव्हापासून तिची मंडईही तुटली. आमच्यापैकी कुणीही तिला आपल्या माहेरी उतरवून घेतले असते. पण त्याच गावात भावाचे घर असताना दुसऱ्याच्या दारी उतरणे तिला जमत नाही, आणि तिचे मन मला समजते.

वैनगंगाकाठ :
कुही तालुक्यातील आमचे जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. माझे वडील ज्यांच्याकडे सालदार होते, त्यांचीच मुलगी माझी मैत्रीण. त्यांना शेताचा मोबदला मिळाला, आम्हांला घराचा. ते नागपूरला गेले आणि आम्ही नव्या गावठाणात आलो. महाशिवरात्रीला अंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाच्या रांगेत ती भेटली, गळ्यात पडली आणि सोबतच्या सुनेला कौतुकाने सांगू लागली की आम्ही दोघी एका ताटात जेवत होतो. मला ते तसेच जाऊ देता आले नाही. मी म्हटले, "शेतात जेवत होतो. तुमच्या घरी मला पाणीसुद्धा वरून ओंजळीत मिळत होतं." सून आमच्याकडे पाहतच राहिली. मैत्रीण म्हणाली, "म्हणून तर मी माझं ताट घेऊन धुऱ्यावर येत होती." हे उत्तर मला पुरेसे वाटते की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही. ती मात्र दर सणाला फोन करते आणि मी तो उचलते.

दारव्ह्याची लेक :
वैनगंगाकाठच्या ताई, त्या फोनवर हा विषय पुन्हा कधी निघाला का?

वैनगंगाकाठ :
एकदा निघाला, आणि तो तिने काढला. आईला विचारले, असे तिने सांगितले. आई काय म्हणाली, ते तिने सांगितले नाही.

मोर्शीकडची :
आमची भेट दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर झाली. संत्र्याच्या बागेवरील माझा हिस्सा भावाच्या नावे सोडण्यासाठी मी हक्कसोडपत्रावर सही करायला गेले होते, आणि चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणही त्याच कामासाठी तिच्या भावासोबत आलेली होती. तिने मला विचारले, "तू काऊन सोडून राहिली वं?" मी म्हटले, माहेर टिकावे म्हणून. ती म्हणाली, तीही त्यासाठीच आली आहे. मग आम्ही दोघींनी माहेरी शेवटचे कधी गेलो ते आठवून पाहिले, आणि दोघींनाही ते पटकन सांगता आले नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे तिला ठाऊक होते; मला ते कुणी सांगितलेच नव्हते. तिने तिची सही केली, कारण तिच्या भावाच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते आणि तिला ते बघवत नव्हते. मी त्या दिवशी सही केली नाही. भाऊ परतताना गाडीत एक शब्दही बोलला नाही. मैत्रिणीने मात्र तिच्या घरी उतरवून घेतले, अंबाडीची भाजी आणि भाकर वाढली, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन सातबाऱ्यावर माझे नाव कसे लागेल, याची चौकशी ती स्वतः करून आली.